सरांचं लाकडं फोडायचं मशीन

परवा लातूरला आमच्या शेजाऱ्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यांच्या गावाकडच्या घरी चूल आहे, बंब आहे, आणि कुऱ्हाड चालवायला माणूस मिळत नाही. म्हणून विजेवर चालणारं लाकडं फोडायचं मशीन घ्यायचं ठरत होतं. "मॅडम, तुम्ही नांदेडला कुणाकडं तरी बघितलंय म्हणत होतात. यातलं कोणतं घ्यावं?" मी फोटो बघितलेच नाहीत. "चालवणार कोण?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, "त्याचं काय, घरात कुणीपण चालवील." माझं डोकं असं तापलं की चहा अर्धा टाकून मी घरी निघून आले. बिचाऱ्यांना आपलं काय चुकलं तेच कळलं नसेल. चुकलं काहीच नव्हतं. मला आमचे सर आठवले होते.

सर म्हणजे नांदेडचे माझे घरमालक. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. विष्णुपुरीच्या रस्त्याला एका कॉलनीत त्यांचं घर होतं. खाली सर आणि काकू, वर मी एकटी. मी तेव्हा जवळच्याच एका शाळेत शिकवायला होते. सर वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. वाईट माणसावर एकदा मनसोक्त चिडता येतं आणि विषय मिटतो. सर चांगले होते, आणि माझा राग त्यामुळेच आजपर्यंत मिटलेला नाही.

किती चांगले, तेही सांगते. नांदेडला नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधून शोधून थकले होते. आमचं मूळ गाव शिरूर अनंतपाळकडचं. नांदेडची घरमालक माणसं बोलायला गोड असायची, चहा व्हायचा, मग आडनाव विचारलं जायचं. मी ते सांगितलं की रिकामी खोली अचानक कुणाच्या तरी पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघायची. सरांनी विचारलंच नाही. मीच चिडून आपणहून सांगितलं, म्हटलं नंतर कटकट नको. तर म्हणाले, "ते भाडेकरारावर लिहा. मला फक्त एक सांगा, तुम्ही गिझर लावणार आहात का?" मी नाही म्हटलं. म्हणाले, "मग या राहायला." पुढे कॉलनीतले एक गृहस्थ गेटपाशी येऊन काही कुजबुजले तर सरांनी त्यांना तिथूनच परतवून लावलं आणि त्यांच्या घरी जाणं कायमचं बंद केलं. असा माणूस. मी त्यांच्यासाठी कुणाशीही भांडले असते, आणि भांडायची वेळ आली ती त्यांच्याशीच.

गिझरचं त्यांना वावडं होतं. गिझरचं पाणी वरवर गरम असतं, हाडापर्यंत पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर उष्णता हा विषय शिकवलेला माणूस हे बोलायचा. मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता, घासून लख्ख केलेला. सकाळी तो पेटायचा, धूर माझ्या खिडकीत यायचा, आणि सर खांद्यावर पंचा टाकून हातात तांब्या घेऊन यायचे. आंघोळीआधी ते अन्नाचा कण तोंडात घालायचे नाहीत. आंघोळ झाली की ओल्या अंगानं तुळशीपाशी उभं राहून म्हणायचे, "वा. हे पाणी." रोज, न चुकता.

बंबाच्या मधल्या नळीत मोठं लाकूड जात नाही. त्याला बारीक ढलप्या लागतात. आणि सरांच्या घरी यायचे ते बाभळीचे ओंडके. हिमायतनगरकडे त्यांच्या भावाचं शेत होतं. चैत्रात बांधावरच्या बाभळी छाटल्या की ट्रॅक्टरभर ओंडके मागच्या अंगणात पडायचे. दरवर्षी ते पडले की एक माणूस कुऱ्हाड खांद्यावर टाकून गेटपाशी येऊन उभा राहायचा. जवळच्या वस्तीतला होता, कॉलनीभर लाकडं फोडायचा. दरवर्षी सर त्याला गेटच्या आत बोलवायचे, खुर्ची द्यायचे, काकूंना चहा करायला सांगायचे आणि समजवायचे की या काळात माणसाकडून असलं काम करून घेणं हा रानटीपणा आहे. मशीन निघालेली आहेत. आपण मशीन घेणार आहोत.

मी असताना एकदा तो माणूस वैतागला. कप खाली ठेवून म्हणाला, "सर, म्या काय भीक मागून राहिलोय का? काम मागून राहिलोय. मशीन आलं की मंग बगू की. तोवर तरी फोडू द्या."

"नाही," सर म्हणाले. "माझ्या दारात माणूस घाम गाळणार नाही. हे तत्त्व आहे."

"लई भारी तत्त्व हाय तुमचं," तो म्हणाला आणि कुऱ्हाड उचलून गेला. मी वरून टाळ्याच वाजवणार होते.

कारण रोज दुपारी, सर वामकुक्षीला आडवे झाले की, मागच्या अंगणात ठक ठक सुरू व्हायचं. काकू पदर खोचून, डोक्याला जुनं फडकं बांधून ओंडके फोडायच्या. देगलूरकडच्या शेतकरी घरातल्या, हाताला सवय होती. पण वय साठीच्या पुढं गेलेलं. एक घाव, मग कमरेवर हात ठेवून उभं राहणं, मग दुसरा घाव. मी शाळेतून आले की हे बघायची. एकदा मी त्यांच्या हातातली कुऱ्हाड घेतली तर माझा पहिलाच घाव ओंडक्यावरून घसरून फरशीवर बसला. काकूंनी कुऱ्हाड काढून घेतली आणि म्हणाल्या, "जा माय, वह्या तपास तुझ्या."

दारात माणूस घाम गाळणार नाही, या तत्त्वात काकू कुठं बसत होत्या, हे मला कधी कळलं नाही. दार पुढचं होतं, अंगण मागचं, एवढाच काय तो फरक.

आता मशीनबद्दल. सरांचा आवडता शब्द होता 'निवड'. घाईत निवडलेली वस्तू आयुष्यभर घरात भांडत राहते, असं ते म्हणायचे. मशीनची निवड मी राहायला जायच्या आधीपासून चालू होती आणि मी राहत असताना चालूच राहिली. आधी त्यांना शंकूसारख्या फिरणाऱ्या स्क्रूचं मशीन पसंत पडलं होतं. ओंडका नुसता टेकवायचा, स्क्रू आत शिरतो आणि लाकूड उकलतं. स्वस्त, सुटसुटीत. सरांनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ पाहिला आणि मला खाली बोलावून तो दाखवला. फार अस्वस्थ होते. "बाई, हे भयंकर आहे. हा फिरता स्क्रू बघा. याच्यात पदर अडकला तर?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पदर. लुंगी नाही, सदऱ्याची बाही नाही, पदर. म्हणजे मशीन कोण चालवणार हे सरांना पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं. एरवी बोलताना ते नेहमी 'चालवणारा' म्हणायचे. चालवणाऱ्याला वाकावं लागू नये म्हणून आडवं मशीन बाद केलं. चालवणाऱ्याच्या कानाला त्रास होऊ नये म्हणून एक मोठ्या आवाजाचं बाद केलं. इतका विचार. हा विचार करत ते पुढच्या खोलीत पंख्याखाली बसलेले असायचे आणि चालवणारा मागं कुऱ्हाड घेऊन उभा असायचा.

शेवटी उभं, तेलाच्या दाबावर चालणारं मशीन घ्यायचं ठरलं. वरून पातं खाली येतं आणि ओंडका चिरतं. आता प्रश्न, किती टन दाबाचं घ्यायचं. आणि इथं सरांनी जी चूक केली ती फक्त सरच करू शकतात. बाभूळ ओली असताना फोडली तर बऱ्यापैकी फुटते. तशीच उन्हात पडून राहिली तर जेठापर्यंत लोखंड होते. म्हणून शहाणी माणसं ओली फोडतात आणि मग वाळवतात. सरांना हे ठाऊक होतं, पण ओली फोडायची तर ती मशीननं, आणि मशीन तर अजून निवडायचं होतं. ओंडके उन्हात पडून राहायचे. सर अधूनमधून येऊन त्यांवर हातोडी मारून आवाज ऐकायचे, टणकपणा बघायचे, आणि ठरवायचे की आपण धरलेला दाब कमी पडतोय, याहून मोठं हवं. मोठं निवडेपर्यंत ओंडके आणखी वाळायचे. मग त्याहून मोठं. त्याला घरची वीज पुरणार नाही, थ्री फेज हवी. थ्री फेजच्या चौकशीत पावसाळा उजाडायचा. तोवर काकूंना कुऱ्हाड पुरेनाशी व्हायची. मग पहार आणि लोखंडी पाचर. पाचर बाभळीत ठोकायची, आणि ती अडकली की काढायला दुसरी ठोकायची. दरवर्षी हेच.

एकदा मी जाऊन विचारलंच. सर पेपर वाचत होते.

"सर, बंबाच्या ढलप्या कोण फोडतं?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ढलप्या? भागतंय की सध्या. अजून मशीन यायचंय."

"मशीन यायचंय ते मला माहीत आहे. आज सकाळी जे जळलं ते कोणी फोडलं?"

"तुमची काकू करते काहीतरी," सर म्हणाले. "तिला सवय आहे त्याची. मी तिला सांगतो, की दमत जाऊ नकोस."

मला त्यांच्या हातातला पेपर ओढून घ्यावासा वाटला. मी बरंच बोलले. आवाज चढला. तुमच्या तत्त्वानं त्या कुऱ्हाडवाल्याची मजुरी गेली आणि काकूंची कंबर गेली, हेही बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते कधी मध्येच तोडायचे नाहीत. मग म्हणाले, "तुमचा संताप योग्य आहे बाई. म्हणूनच निवड नीट व्हायला हवी."

वर आले तर पाठोपाठ काकू. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवतील. तर त्या दारातच उभ्या राहिल्या. "तू कशाला मधी पडून राहिलीस? भाड्यानं राहतीस ना? ऱ्हा की सुखानं."

"काकू, तुमच्यासाठीच बोलले ना."

"म्या सांगितलं होतं का बोलाय? माणूस काय वाईट हाय का ते? एवढ्या वर्सात आवाज चढवला न्हाई माज्यावर कधी."

त्या दिवशी मी काकूंवरही चिडले. आवाज न चढवणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. कारण आवाज न चढवता सर काय करू शकतात तेही मी बघितलं होतं. एका थंडीत काकूंना ताप होता. त्यांनी गॅसवर पाणी तापवलं आणि गुपचूप बंबात ओतलं. सरांनी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि थांबले. "आज बंब पेटलेला नाही." बस, एवढंच. रागावले नाहीत. पंचा पुन्हा खांद्यावर टाकला आणि आत जाऊन बसले. आंघोळ नाही म्हणून नाश्ता नाही, जेवण नाही. "असू दे गं, मला भूकच नाही," असं हसून म्हणत राहिले. दुपारी अंगात ताप घेऊन काकू मागं आल्या आणि कुऱ्हाड उचलली. संध्याकाळी सरांनी आंघोळ केली, पोटभर जेवले, आणि काकूंच्या कपाळावर स्वतः पट्ट्या ठेवत बसले. प्रेमानं. मी सूप घेऊन खाली गेले होते ते तसंच टेबलावर ठेवलं आणि वर आले, कारण तिथं थांबले असते तर काय बोलले असते सांगता येत नाही.

उंची मोजायचा प्रसंगही सांगते. उभ्या मशीनला वर दोन दांडे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दांडे एकाच वेळी खाली दाबल्याशिवाय पातं हलत नाही. त्यामुळं एक हात पात्याखाली जायची भीतीच नाही. सर या युक्तीवर बेहद्द खूश होते. दांडे किती उंचीवर हवेत हे ठरवायला त्यांनी काकूंना मागच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. काकू नुकत्याच पहार ठेवून आल्या होत्या, पदराला लाकडाचा भुसा लागलेला. "हात वर कर. अजून थोडा. इथं जोर चांगला लागेल." सरांनी खडूनं भिंतीवर रेघ मारली, काकूंच्या खांद्याच्या जरा खाली. काकूंचा उजवा हात तेव्हाही पटकन वर जात नव्हता. वर नेताना त्या दात आवळून धरायच्या. सर रेघ सरळ आली का ते बघत होते.

पुढच्या जेठात काकूंची कुऱ्हाड गाठीत अडकली. त्यांनी ती हिसडून ओढली आणि तिथंच खाली बसल्या. मी शाळेतून येत होते, ऑटो थांबवला आणि त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. खांद्यातला स्नायू आतून फाटला होता. आधीच झिजलेला होता, डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं नाही. हात पूर्ववत वर जाईल याची खात्री नाही. सर मागून धावत आले, चप्पल दोन वेगवेगळ्या घातलेल्या. खरोखर रडले. माझा हात धरून म्हणाले, "मशीनला उशीर झाला हो बाई." मशीनला. मी हात सोडवून घेतला.

त्यानंतर जे झालं त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. काकू हात गळ्यातल्या झोळीत अडकवून बसल्या होत्या, बंब पेटवणारं कुणी नव्हतं, तर सर गार पाण्यानं आंघोळ करायला लागले. पावसाळाभर केली, थंडीत केली. तुळशीपाशी ओल्या अंगानं उभं राहून म्हणायचे, "वा. हेही पाणी चांगलं आहे." एक शिंकसुद्धा आली नाही त्यांना. एवढी वर्षं जे हाडापर्यंत पोचावं लागत होतं ते गेलं कुठं, हे मी विचारणार होते. काकूंनी डोळ्यांनी गप्प केलं.

काकूंना अंबाडा घालता येईना. हात डोक्यापर्यंत जायचाच नाही. सकाळी मी घालून द्यायची, पण माझी शाळा, माझी घाई. एका रविवारी त्या म्हणाल्या, "काप माय हे." केस पांढरे झालेले, पण कमरेपर्यंत होते. मी कापले. सर बघून म्हणाले, "छान दिसतंय. उन्हाळ्यात बरं पडेल." मी कात्री घेऊन वर आले आणि दार आपटलं. भाडेकरूला एवढंच करता येतं.

आणि मग मशीन आलं. आता निवड झटक्यात झाली होती. घरच्या विजेवर चालणारं, उभं, दोन दांड्यांचं, भिंतीवरच्या रेघेला बरोबर लागणारं. सरांनी कॉलनीतल्या चार माणसांना बोलावलं. नारळबिरळ नाही, ते असलं मानत नव्हते. त्या कुऱ्हाडवाल्यालाही मुद्दाम बोलावलं होतं, आणि तो आलाही, भिंतीला टेकून उभा राहिला. सरांनी मोटर, तेल, दाब सगळं समजावून सांगितलं. शिकवताना ते फार सुंदर बोलायचे, तेव्हाही बोलले. मग घरात बघून हाक मारली, "अगं ये. उद्घाटन तुझ्या हातानं."

काकू आल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या, ते आदल्या दिवशी सरांनीच आणलेलं. कापलेले केस पदरात झाकलेले. सरांनी ओंडका पात्याखाली उभा केला, बटण दाबलं, मोटर घूं करायला लागली. "दोन्ही दांडे धर आणि एकदम खाली. काही भीती नाही."

काकूंनी डावा हात दांड्यावर ठेवला. उजवा उचलला. तो कमरेच्या जरा वर आला आणि थांबला.

"अजून थोडा वर," सर म्हणाले.

"जात न्हाई."

"थोडासा. रेघेपर्यंत."

"न्हाई जात, अवो."

मोटर चालूच होती. सरांनी काकूंच्या हाताकडे बघितलं, दांड्याकडे बघितलं, भिंतीवरच्या खडूच्या रेघेकडे बघितलं. मग माहितीपुस्तिका उघडून उलटसुलट चाळायला लागले. "एका हाताची सोय यात नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "सुरक्षेसाठीच नाही ठेवलेली." कुऱ्हाडवाला पुढं व्हायला लागला तर काकूंनी डाव्या हातानं त्याला तिथंच थांबवलं.

"तुमचे दोन्ही हात चांगले हायत की," काकू सरांना म्हणाल्या.

साध्या आवाजात म्हणाल्या. चढवला नाही. सरांनी पुस्तिका खिशात घातली. मग पुढं झाले, दोन दांडे धरले, दाबले. पातं खाली आलं, वाळकी बाभूळ कडाडली आणि दोन फाका झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा चेहरा एकदम उजळला. "बघा, किती सोपं आहे," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "उगाच लोक त्रास करून घेतात."

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकू बाजूच्या एका ओंडक्यावर बसल्या, त्या अंगणात मी त्यांना पहिल्यांदाच निवांत बसलेलं बघत होते. डाव्या हातानं त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. सर फाका उचलून बंबाकडे निघाले होते.

"एवढ्या मोठ्या जात न्हाईत नळीत," काकू म्हणाल्या. "माघारी आणा. अजून बारीक करा."